नंदिता घोडके यांची मुलगी

मताधिकार वाढवायचा म्हटलं की आपल्याकडे दर वेळी तेच भांडण होतं, आणि हरणारी बाजू दर वेळी तेच वाक्य म्हणते : "त्यांना काय कळतंय?" इंग्रजांच्या अमलात हे वाक्य शेतसारा न भरणाऱ्यांबद्दल म्हटलं गेलं, मग न शिकलेल्यांबद्दल, मग बायकांबद्दल. बायकांना मत मिळालं तेही पुष्कळ जणींना नवऱ्याच्या मिळकतीच्या आधाराने. पुढे प्रजासत्ताक आलं आणि सगळ्या सज्ञान माणसांना एका फटक्यात मत मिळालं, तेव्हा परदेशातले शहाणे लोक म्हणाले, यांना काय कळतंय. त्या पहिल्या निवडणुकीत लाखो बायकांनी यादीसाठी स्वतःचं नाव सांगितलंच नाही; अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच सांगितलं. ती नावं सरळ काढून टाकण्यात आली. नंतर एकविसाचं वय अठरावर आलं. वाक्य तेच होतं. फक्त म्हणणारे आता ते होते, ज्यांच्याबद्दल ते आधी म्हटलं गेलं होतं.

त्यामुळे न जन्मलेल्यांना मत देण्याची घटनादुरुस्ती आली, तेव्हा ते वाक्य म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही. उद्या पाठ्यपुस्तकात आपला फोटो चुकीच्या पानावर यायचा, या भीतीने सगळ्यांनी तिच्या बाजूने हात वर केले. युक्तिवादही बिनतोड होता. कर्ज आज काढायचं, नदी आज उपसायची, टेकडी आज फोडायची. आणि हे सगळं ज्यांनी निस्तरायचं त्यांना विचारायचंच नाही, ही कुठली लोकशाही?

शोध तसा साधा होता. एका जोडप्याला होऊ शकणाऱ्या निरनिराळ्या मुलांची संख्या, नुसत्या गुणसूत्रांच्या पिसण्याचा हिशेब केला तरी, सत्तर लाख कोटींच्या वर जाते. त्यातलं नेमकं कोण जन्माला येईल ते यंत्राला सांगता येत नव्हतं. पण संशोधकांनी त्यातल्या काही लाख मुलांची गणितं मांडली आणि ती सगळी मुलं संगणकात एकाच घरात वाढवली. त्या घरातलं बोलणं, भांडणं, जेवताना टीव्हीवर काय लागतं, टँकर किती दिवसांनी येतो, हे सगळं त्यांच्यावर अठरा वर्षं ओतलं (यंत्राला यासाठी एक दुपार पुरे) आणि मग प्रत्येकाला मत विचारलं. नाकं वेगळी निघाली, उंच्या वेगळ्या, गणितातली गती वेगळी. मत मात्र बहुतेकांचं एकच. मूल कोणतंही जन्मो, घर तेच बोलतं. लाखो शक्यता जिथे येऊन एक होतात त्या बिंदूला संशोधकांनी 'केंद्रव्यक्ती' म्हटलं. कायद्याने तिला मतदार म्हटलं.

यासाठी लागे फक्त आईबापांची प्रतिमा. नोंदणी करणाऱ्या जोडप्याने सहा महिने घरात एक डबी ठेवायची. ती ऐकत राही. त्यातून ही दोन माणसं कशाला हो म्हणतील, कशाला नाही म्हणतील, कशावरून किती दिवस अबोला धरतील याचा आराखडा तयार होई. मतदार त्या आराखड्यांच्या पोटी जन्म घेई.

पहिल्या निवडणुकीत राजकीय पक्षांची मोठी पंचाईत झाली. या मतदारांना जेवणावळ घालता येईना, पैठणी देता येईना, बसमध्ये बसवून देवदर्शनाला नेता येईना. एका उमेदवाराने प्रचारात पाळणे म्हणवून पाहिले. चौकातल्या फ्लेक्सवर आजवर 'भावी आमदार' असत, त्यांच्या शेजारी आता 'भावी मतदार बंधू-भगिनींचे हार्दिक स्वागत' आलं. उपयोग काही झाला नाही. न जन्मलेले लोक विहिरींची पातळी आणि नगरपंचायतीचं कर्ज बघून मत देत. इतके वाईट मतदार या देशाने पाहिले नव्हते.

बोरखेडी नगरपंचायतीच्या पाणीपुरवठा विभागात नमुने तपासणारी नंदिता घोडके आणि तिचा नवरा हेमंत, ज्याचं बाजारपेठेत चष्म्याचं दुकान होतं, यांनी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नोंदणी केली. तेव्हा नंदिताला मूल हवं होतं. डबीनेही ते ऐकलं होतं. जन्माआधी नाव ठेवायला कायद्याने बंदी होती, कारण त्यावरून घराघरांत मारामाऱ्या होऊ लागल्या होत्या. मुलगा की मुलगी, ते यंत्र चिठ्ठी टाकून ठरवी. म्हणून मतदार यादीत आलं : 'नंदिता घोडके यांची मुलगी'. एके काळी असं लिहिलेलं नाव काढून टाकत. आता असंच घालत. हेमंत घरात तिला चिमी म्हणे.

मतदाराने केंद्रावर स्वतः ओळख सांगायची, हा जुना नियम यांनाही लागू होता. त्यासाठी केंद्रात कॅमेरा लावलेली एक पांढरी पेटी असे. आईने किंवा बापाने तिच्यावर अंगठा ठेवायचा, पेटीतून मतदार बोले, केंद्राध्यक्ष मान डोलावत, आणि मत आतल्या आत नोंदलं जाई. मतदाराला बोट नसल्यामुळे शाई लागे ती त्याला आणणाऱ्याच्या मधल्या बोटाला.

पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा हेमंत रडला होता. "मी नंदिता घोडके यांची मुलगी," आवाज म्हणाला, आणि मग, नियमात नसताना, "आई, तू एवढी गप्प का?" बोलण्याआधी घेतलेला तो बारीकसा श्वाससुद्धा नंदिताचा होता. घरी येऊन तिला जेवण गेलं नाही. जिला जन्म द्यायचा की नाही हे अजून ठरायचं होतं, ती मत देऊन मोकळी झाली होती.

त्यानंतर मुलाचा विषय निघाला की नंदिताला वाटे, आपल्याला विचारत नाहीयेत, कळवताहेत. हेमंत म्हणे, "घाई नाही गं. ती आहेच." ती आहेच! नंदिताने एकदा त्याला विचारलं, "आणि मी नाही म्हटलं तर?" तो हसून म्हणाला, "तू कुठली नाही म्हणतेस. यंत्रालासुद्धा माहितीय."

दिवाळीनंतर ती प्रशिक्षण आहे सांगून जिल्ह्याच्या गावी गेली आणि मूल न होण्याचं ऑपरेशन करून आली. हेमंतला सांगितलं नाही. आपण हे मूल नको म्हणून केलं की आपल्याला नाही म्हणता येतं हे बघायला केलं, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. आणि तरी निवडणूक जाहीर झाली की ती दिवस मोजायची. विधानसभेच्या वेळी आवाज म्हणाला होता, "बाबांनी पुन्हा दाढी वाढवलीय वाटतं." त्या एका वाक्यावर तिने सगळा उन्हाळा काढला होता.

नगरपंचायतीच्या मतदानादिवशी सकाळी हेमंत आरशासमोर होता.

"काय रे, आज मुहूर्तावर दाढी?"

"मागच्या वेळी बोलली ना मला. म्हातारा दिसतो म्हणाली."

"म्हातारा नाही म्हणाली ती."

"तिच्या आवाजात होतं ते. तुझंही असंच असतं."

केंद्र होतं मराठी शाळेच्या चौथीच्या वर्गात. दोन्ही पॅनेलचे मतदान प्रतिनिधी पोरांच्या बाकांवर गुडघे हनुवटीशी घेऊन बसले होते. केंद्राध्यक्ष होते मुंडले सर, हेमंतला भूगोल शिकवलेले. निवडणुकीच्या कामाला कधीही नाही न म्हणालेले, त्यामुळे दर वेळी पकडले जाणारे. नंदिताने आपलं मत दिलं, शाई लावून घेतली आणि पांढऱ्या पेटीवर अंगठा ठेवला. हेमंत मागे उभा राहिला. पहिल्या अधिकाऱ्याने मोठ्याने वाचलं, "नंदिता घोडके यांची मुलगी."

"आक्षेप!" शहर विकास पॅनेलचा प्रतिनिधी दिगंबर काटकर बाकावरून उठायला बघत म्हणाला. बाक त्याच्याबरोबर उठला. तो पुन्हा बसला आणि त्याने मुंडले सरांच्या टेबलाकडे दोन रुपयांचं नाणं सरकवलं. मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घ्यायचा तर दोन रुपये अनामत भरायची, हा नियम आजोबांच्या काळापासून आहे. सगळं महागलं, शंका तेवढी स्वस्त राहिली.

"दिगंबर, कसला आक्षेप? पेटीची ओळख यंत्र पटवतं," सर म्हणाले.

"ओळखीबद्दल नाही सर. असण्याबद्दल. ही मुलगी होणारच नाही."

यादीतून नाव कमी करायला पूर्वी कारणं होती मयत, स्थलांतरित आणि दुबार. नव्या कायद्याने त्यात 'असंभव' घातलं होतं.

हेमंत हसला. "काय दिगूभाऊ, सकाळी सकाळी? आमच्या घरातलं तुम्हाला काय माहीत?"

"वहिनी, मला बोलायला लावू नका हो," दिगंबर नंदिताकडे न बघता म्हणाला. "माझी मेहुणी नर्स आहे. दिवाळीनंतर तुम्ही प्रशिक्षणाला गेला होतात, ते कुठल्या वॉर्डात होतं ते तिला माहितीय. पुढचं तुम्हीच सांगा."

हेमंत अजून हसतच होता. मग त्याने नंदिताकडे बघितलं, आणि हसू तोंडावर तसंच राहून गेलं.

मुंडले सरांनी चष्मा काढून पुसला. "नंदिताबाई, मला हे विचारायची इच्छा नाही. पण संक्षिप्त चौकशी करावीच लागते. खोटं सांगितलंत तर गुन्हा. खरं सांगितलंत आणि हे म्हणतात तसं असलं, तर हे नाव आत्ता, इथेच कमी होईल. पेटी कायमची बंद होईल. समजतंय ना?"

नंदिताला समजत होतं. पेटीवरचा हिरवा दिवा लागलेला होता. म्हणजे ती ऐकत होती. 'खोटं आहे' एवढं म्हटलं की झालं. पुढच्या निवडणुकीला आणखी एक वाक्य ऐकायला मिळालं असतं, त्याच्या पुढच्या निवडणुकीला आणखी एक. पोलीस चौकशी झाली असती तर झाली असती. तिने पेटीवरचा अंगठा उचलला आणि जन्मात पहिल्यांदाच, न अडखळता, तो बारीक श्वास न घेता बोलली.

"हो. ऑपरेशन केलंय. माझं मी ठरवून केलंय. ती होणार नाही."

मागच्या भिंतीवर पोरांनी रंगवलेला भारताचा नकाशा होता. हेमंत तिकडे बघत उभा राहिला. सरांनी शिक्का हातात घेतला, आणि नियमाप्रमाणे पेटीकडे वळून विचारलं, "मतदाराला काही म्हणायचं आहे?"

"हो सर. बोलू का?"

"बोल बाळ."

"या बाई खरं बोलताहेत," आवाज म्हणाला. शांत, स्वच्छ, अठरा वर्षांचा. "फक्त या माझी आई नाहीत."

"म्हणजे?"

"माझी आई असं करणार नाही. तिला वाटलं असतं करावंसं, पण तिनं आधी बाबांना सांगितलं असतं. मग मोठं भांडण झालं असतं. बाबा उशी घेऊन दुकानात झोपायला गेले असते, तिथे त्यांना ढेकूण चावले असते, आणि ते परत आले असते. मग मी झाले. मला आठवतं ते सगळं."

"आठवतं?" सरांचा आवाज जरा चिरका निघाला. "तुझ्या जन्माआधीचं?"

"म्हणजे ऐकून ऐकून. आमच्याकडे अजून हसतात त्यावर. आई तर दर गणपतीत सांगते."

ते भांडण नंदितालाही दिसलं : उशी, ढेकूण, दारात उभा हेमंत. ते झालं नव्हतं. पण तिला ते दिसलं, एखाद्या लग्नाच्या जुन्या व्हिडिओसारखं, ज्यात आपण नसतो पण सगळी माणसं आपली असतात.

एवढ्यात जनआघाडीच्या प्रतिनिधी शालिनी बोडखे उठल्या. बचत गटाच्या सभेत त्या नेहमी नंदिताच्या शेजारी बसत. त्यांनी टेबलावर दोन रुपयांचं नाणं ठेवलं.

"सर, माझाही आक्षेप. या बाईंच्या ओळखीवर."

"शालिनीताई! तुम्ही मला ओळखता!"

"ओळखते गं. म्हणूनच वाईट वाटतंय. वाईट वाटून घेऊ नकोस." त्यांनी नंदिताचा हात हातात घेतला. "पण न जन्मलेल्यांची मतं गेली तर हे विकासवाले गावचा तलाव बुजवणार, माहितीय ना तुला? तूच नमुने तपासतेस. आणि शेवटी एका मुलीच्या हक्काचा प्रश्न आहे. तिची बाजू कोणी घ्यायची? बाईनंच ना?"

मुंडले सर नियमपुस्तिका चाळू लागले. लोक घटस्फोट घेऊन दुसरीकडे नोंदणी करत तेव्हा जुन्या आणि नव्या संततीत कोण खरं यावर तंटे होत; ते मिटवायला एक कलम केलेलं होतं. सरांनी ते वाचून दाखवलं. एका मतदाराच्या असण्यामुळे दुसऱ्याचं असणं अशक्य ठरत असेल, तर ज्याची शक्यता जास्त, तो ग्राह्य. त्यांनी यंत्राला विचारलं. डबीने ऐकलेल्या, नोंदणीतल्या नंदिता घोडके नवऱ्याला न सांगता असं ऑपरेशन करून येतील, ही शक्यता शेकडा तीन निघाली. त्यांना मूल होईल, ही शेकडा सत्त्याऐंशी.

"म्हणजे तुम्ही तीन," सर ओशाळून म्हणाले.

"सर, मी इथे उभी आहे. तुम्हाला दिसतेय."

"दिसताय ना. स्वच्छ दिसताय. पण डोळ्यांना दिसणाऱ्यांनाच मत द्यायचं असतं, तर मताधिकार जमीनदारांच्या पुढे सरकलाच नसता हो. त्यांना दुसरं कोणी दिसत नसे." वर्गात शिकवताना म्हणत तसंच ते म्हणाले, आणि लगेच त्यांना ते आवडलं नसावं. ते हेमंतकडे वळले. "अरे, एक वाट आहे. जवळच्या नातलगानं सांगितलं, की यादीतल्या नंदिता त्या ह्याच, तर यंत्राचं म्हणणं बाजूला ठेवता येतं. मग मुलीचं नाव कमी होईल. बघ. नीट विचार करून बोल, ते नोंदलं जाणार आहे."

हेमंतने नकाशावरची नजर काढली. नंदिता त्याच्याकडे बघत होती. तिला त्याच्याकडून काही मोठं नको होतं. रागावू दे, चारचौघांत शिव्या देऊ दे, दुकानात झोपायला जाऊ दे. फक्त 'हीच ती' म्हणू दे.

"हेमंत," ती म्हणाली. "मी सांगणार होते."

"कधी?"



"बाबा," पेटी हळूच म्हणाली, "दाढी केलीत. छान दिसताय."

हेमंतचा हात आपोआप गालावर गेला. तो तिथेच राहिला. मग हेमंत म्हणाला, "ती असती तर तिनं मला सांगितलं असतं, सर."

"म्हणजे? हो का नाही, स्पष्ट सांग रे."

"म्हणजे ही ती नाही."

दिगंबर काटकर बाकासकट उठला. "अहो हेमंतशेठ, असं काय करताय! मी फक्त एक मत कमी करायला... वहिनींचं काय करताय हे?" पण त्याचा आक्षेप फेटाळला गेला होता आणि नाणं सरकारजमा झालं होतं. मुंडले सरांनी शिक्का मारला. मुलीच्या नावापुढे 'ग्राह्य'. त्याच पानावर वरच्या ओळीत, नंदिता हेमंत घोडके, वय सदतीस, हिच्यापुढे 'असंभव'. मघाशी तिने दिलेलं मत आतल्या आत वजा झालं. यंत्र एकदा वाजलं, बस.

"तुम्हाला आता बाहेर जावं लागेल," सर तिच्याकडे न बघता म्हणाले. "मतदाराखेरीज कोणाला आत थांबता येत नाही. माफ करा."

"कुठे जाऊ?"

या प्रश्नासाठी नियमपुस्तिकेत काही नव्हतं. सरांनी दाराकडे हात केला.

नंदिता बाहेर आली. शाळेच्या पटांगणात रांग उभी होती. रांगेतल्या दोघी-तिघी तिच्याकडे बघून ओळखीचं हसल्या. त्यांना अजून काही कळलं नव्हतं. ती खिडकीखाली भर उन्हात उभी राहिली. बोटावरची शाई ओली होती. ती पदराने पुसायला लागली, आणि शाई न जाता पदरालाही लागली.

आत हेमंतने पेटीवर आपला अंगठा ठेवल्याचं तिला खिडकीतून दिसलं. शाईवाल्या बाईने त्याचं मधलं बोट धरलं. मत नोंदल्याचा लांब आवाज झाला. मग, नियमात नसताना, पेटी पुन्हा बोलली.

"सर, त्या बाई गेल्या का?"

मुंडले सरांनी खिडकीतून वाकून पाहिलं. त्यांची आणि नंदिताची नजरानजर झाली.

"नाही. उभ्या आहेत."

"ऊन फार आहे हो बाहेर. त्यांना म्हणावं, व्हरांड्यात सावली आहे, तिथे बसा. घरचं कोणी येईल न्यायला."

सरांनी तोंड उघडलं, पण निरोप सांगायची गरज उरली नव्हती. बोलण्याआधीचा तो बारीक श्वास नंदिताने खिडकीबाहेरूनच ऐकला होता. ती व्हरांड्यात गेली आणि पायरीवर, शहाण्या मुलीसारखी, वाट बघत बसली.